दोर : एका शब्दाचा तरजुमा

संपादकांची मागणी साधी होती. अभिधा, लक्षणा, श्लेष, अन्योक्ती असल्या संज्ञा विद्यार्थ्यांना आणि घरच्या वाचकांना अवघड जातात. तुम्ही वीस-बावीस वर्षं कचेरीत तरजुमे केलेत, शब्दांचे अर्थ लावण्यात तुमचा जन्म गेला, तेव्हा दिवाळी अंकासाठी या संज्ञा सोप्या करून सांगा, असं त्यांनी लिहिलं होतं. मी होकार कळवला. पहिल्या दोन संज्ञा बऱ्या उतरल्या. श्लेषापाशी आलो आणि हात थांबला. अन्योक्ती हा शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. या दोन्हींना उदाहरण म्हणून मला एकच गाणं आठवत होतं, आणि ते कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. म्हणून मागितला होता तसा हा लेख झालेला नाही. छापावा की नाही हे संपादकांनी ठरवावं.

आधी माझं काम सांगतो. आमच्या बेळगाव जिल्ह्यात वादी मराठी बोलतो, प्रतिवादी कानडी बोलतो आणि साक्षीदार एकाच वाक्यात दोन्ही बोलतो. साहेबाला इंग्रजी लागतं. या सगळ्यांच्या मध्ये मी. कागद उभा दुमडायचा, उजव्या बाजूला मूळ मजकूर, डाव्या बाजूला इंग्रजी. जबान्या, अर्ज, खतं, भाऊबंदांची पत्रं, जे पुढ्यात येईल ते. शेवटी ‘खरा तरजुमा’ असं लिहून सही करायची. त्या दोन शब्दांसाठी सरकारनं मला खुर्ची दिली होती. कचेरी कुठली ते सांगत नाही. जिल्ह्यात कचेऱ्या पुष्कळ आहेत.

लहानपणी वडिलांनी मला शहापुरातल्या एका शास्त्रीबुवांकडे घातलं होतं. त्यांनी मला अलंकार शिकवले. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा, सरळ अर्थ जमेना तेव्हा त्याला धरून घ्यायचा दुसरा अर्थ ती लक्षणा, एका शब्दात दोन अर्थ नांदले की श्लेष. हे सगळं डोक्यात घेऊन मी कचेरीत गेलो. तिथं माझ्या वरच्या जागेवर हणमंतराव होते. त्यांच्या घरची भाषा कानडी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. माझी विद्या त्यांच्या कानावर गेली आणि त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या मेजाशी थांबून ते विचारायचे, “आज कुठला दागिना घातलास रे?”

त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला धंदा शिकवला तो असा. “आपण हमाल. पोतं हिकडनं उचलायचं, तिकडं टाकायचं. आत काय हाय ते उघडून बघायचं न्हाय. एखादा शब्द उचलंना, तर हाय तसा ठेव आणि बाजूला रेघ मार. साहेबानं विचारलं तर सांग, मूळ शब्द. न्हाय विचारलं तर गप बस.”

मला हे फार अडाणीपणाचं वाटायचं.

पण आप्पांचं ऐकूनही फजिती व्हायची, हे सांगायला पाहिजे. पहिल्याच वर्षी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या एका बाईची जबानी माझ्याकडे आली. ‘मुकादमानं माझ्या पोटावर पाय दिला,’ असं तिनं सांगितलं होतं. मी हमालासारखं पोतं उचललं आणि तिकडं टाकलं. साहेबानं वाचलं, त्याला राग आला, त्यानं बाईला सरकारी डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं पोट तपासून विचारलं, कुठं दुखतंय. बाई म्हणाली, “दुखत न्हाय, भूक लागलीया.” मुकादमानं तिला कामावरून काढलं होतं, एवढंच होतं ते. आप्पा दोन दिवस हसत होते. हसून झाल्यावर म्हणाले, “ही तुझी ती लक्षणा न्हवं? मग आता का न्हाय घातलीस?”

दुसऱ्या वेळी ती घातली. लोंढा जंक्शनवरचे दोन हमाल भांडले, त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “थांब, तुझी पूजा बांधतो.” पूजा म्हणजे सन्मान, मग ह्यात धमकी कुठली, असा साहेबाला प्रश्न पडला. मी उभा राहून समजावलं, की आमच्यात उलट अर्थानं बोलायची रीत आहे, जितकी मोठी पूजा तितका मोठा मार. साहेब हसला. म्हणाला, माझ्या आधीच्या साहेबानं मला हे सांगायला हवं होतं. त्या दिवशी मी घरी जाताना खडेबाजारातून जरा लांबच्या वाटेनं गेलो. मला कुणीतरी भेटावं आणि आज काय झालं ते विचारावं असं वाटत होतं.

त्या लांबच्या वाटेचा मला पुढं फार राग आला.

कायदेभंगाच्या दिवसांतली गोष्ट. बोरगावच्या बाजूला एक खेडं आहे. तिथं सरकारी खर्चानं नवी विहीर झाली आणि ती खुली करायला प्रांतसाहेब आले. गावच्या देवळात सनई वाजवणारा एक गुरव होता. त्याला आपण सिदराम म्हणू. हे त्याचं खरं नाव नाही. त्यानं या प्रसंगाला एक गाणं रचलं आणि गावच्या पोरींनी ते साहेबापुढं म्हटलं. गाणं चालू असताना एका जागी गाव हसलं. साहेबाबरोबर आलेल्या फौजदाराला ते हसणं आवडलं नाही. त्यानं चार ओळी उतरून घेतल्या, सरकारविरुद्ध चिथावणी म्हणून कागद केले आणि सिदरामला धरला. ते अर्धं पान आमच्याकडे आलं, पुराव्यातली निशाणी सात म्हणून. ओळी अशा होत्या :

पोट आमचं रितं रितं, गळा आमचा मोकळा
सायबा तुझ्या राज्यात आला सोन्याचा सोहळा
इतुकी किरपा कर आता, नको दुसरं काही थोर
गळ्यात आमच्या बांध सायबा, तुझ्या हातचा दोर

शेवटच्या शब्दाखाली तांबडी पेन्सिल मारली होती. ‘येथे लोक हसले.’

आमचा त्या वेळचा साहेब वयानं लहान होता. मराठीची परीक्षा दिलेला आणि मराठी बोलायची हौस असलेला. त्यानं मला आत बोलावलं. अर्धं पान माझ्यापुढं सरकवलं आणि पुस्तकातल्यासारखं एक एक अक्षर मोजत विचारलं, “ह्या ठिकाणी लोक कशामुळे हसले? येथे काही अलंकार आहे काय?”

इतकी वर्षं मी कचेरीत होतो, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मागचंपुढचं गाणं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, हे उत्तर होतं. कुठल्याही तरजुमा करणाऱ्याचं तेच उत्तर असायला हवं. मी म्हणालो, “श्लेष आहे, साहेब.”

त्यानं लेखी टिपण मागितलं. मी लगेच मेजाशी बसलो आणि दीड पान लिहिलं. दोर म्हणजे दोरखंड, हा सरळ अर्थ. कानडीत दोरे म्हणजे राजा, धनी. आमच्याकडची माणसं गोऱ्या साहेबालाही दोरे म्हणतात. तो शब्द गाण्यात आखडून दोर झाला असेल, तर हे राज्याचं कौतुक, हा दुसरा. आणि गळा, दोर, बांधणं ही तिन्ही एकत्र आली की फास, हा तिसरा. म्हणजे आम्हाला उपाशी ठेवून तुम्ही फाशी देता, असं. इथवर मी जे लिहिलं ते शास्त्रीबुवांनीही मान्य केलं असतं. पण खाली मी आणखी एक वाक्य लिहिलं. ‘तिसरा अर्थ श्रोत्यांस तत्काळ जाणवणारा आहे.’

मी त्या गावात गेलतो कधी? त्या विहिरीवर उभा होतो? ते वाक्य मी का लिहिलं, याचा विचार मी पुढं इतक्या वेळा केलाय की आता तो विचारही झिजलाय. मला वाटतं, टिपण अर्धवट दिसू नये म्हणून लिहिलं. परीक्षेत उत्तराला शेवट लागतो, तसा.

आप्पांनी कागद लांबूनच बघितला. “किती पानं?”

“दीड.”

“चार ओळींना दीड पान.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पोतं उघडून सगळं सांडलंस की रे.”

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभा होतो. पट्टेवाल्यानं एका बाईला माझ्याकडे पाठवलं. हिरवं लुगडं, पायांवर मोटारीच्या प्रवासाची धूळ. ती सिदरामची बायको होती. गावाहून निपाणीमार्गे एकटी आली होती. कचेरीत मराठी कळणारा साहेब कोण, असं तिनं दारात विचारलं होतं आणि पट्टेवाल्यानं माझ्याकडे बोट केलं होतं. सिदरामला वकील नव्हता. तिनं कनवटीचा एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं धरला.

“ह्यात समदं गाणं हाय. त्येंच्याच हातचं. मला वाचाय येत न्हाय, पर मी शंभरदा ऐकलंय. ते घागरीचं गाणं हाय ओ, रावसाहेब. घागरी बोलत्यात. माणसं न्हाय बोलत.”

मी कागद उघडला. वर दोन कडवी होती, ती फौजदारानं घेतलीच नव्हती. पहिलं असं होतं :

शेजारनी आम्ही घागरी गं, उभ्या हिरीच्या काठाला
पाणी दिसतं डोळ्याला, लागत न्हाय ओठाला

मला विहिरीची हकिकत ठाऊक नव्हती, ती बाईनं सांगितली. विहीर बांधून झाली होती, रहाटही बसवला होता. दोर मात्र मागाहून मंजूर होणार होता. साहेब येण्याच्या दिवशी विहिरीवर दोर नव्हता. गावाला हे माहीत होतं, म्हणून गाव हसलं. रितं पोट घागरीचं. मोकळा गळा घागरीचा. साहेबा, विहीर दिलीस, आता दोर दे.

“वाचून दावा सायबास्नी,” ती म्हणाली. “तुम्ही शिकलेली माणसं. तुमचं ऐकतील.”

मी ‘बघतो’ म्हणालो आणि कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. ती पाया पडायला वाकली, मी मागं सरलो. एवढं मला स्पष्ट आठवतं. तो कागद तिच्याकडेच परत देऊन ‘उद्या तू स्वतः साहेबाच्या हातात दे’ असं मी म्हणू शकलो असतो. ते मला सुचलंच नाही, की सुचून मी बोललो नाही, हे आता सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी घरी मी ते गाणं पुन्हा पुन्हा वाचलं. माझं टिपण चुकीचं ठरत होतं. ते मागं घ्यायचं म्हणजे साहेबापुढं उभं राहून सांगायचं, की मी चार ओळींवरून दीड पान अंदाज केला. मला भीती वाटली हे खरंच आहे. पण भीती एवढीच असती तर मी कदाचित गेलोही असतो. माझ्याजवळ भीतीपेक्षा मोठी वस्तू होती, ती म्हणजे विद्या. अन्योक्ती नावाचा प्रकार आहे. बोलायचं एकाला आणि लागायचं दुसऱ्याला. कवी भुंग्याला उपदेश करतो आणि तो माणसाला असतो. मग घागरीच्या तोंडून गाव बोलत असेल तर? रितं पोट घागरीचं आहेच, पण गावाचंही आहेच की. बोरगावच्या बाजूला त्या साली काय खाणं होतं ते मला माहीत होतं. म्हणजे फौजदार चुकलेला नाही, मी चुकलेलो नाही, आणि बाईही खोटं बोलत नाही. असं सगळं एका संज्ञेत बसलं आणि मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सिदराम पिंजऱ्यात उभा होता. उंच, किडकिडीत, सनई वाजवणाऱ्याचे असतात तसे फुगीर गाल. साहेबानं विचारलं, तुला काही सांगायचं आहे काय. तो म्हणाला, “गाणं घागरीचं हाय, सरकार.”

मी तरजुमा केला. साहेबानं माझ्याकडे बघितलं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, हे मी आजही म्हणेन. तो मला इंग्रजीत म्हणाला, की तुमच्या काव्यात घागरीला काही अर्थ असतो का.

कागद माझ्या खिशात होता. छातीला टोचत होता.

मी म्हणालो, की आमच्या काव्यशास्त्रात अन्योक्ती नावाचा अलंकार आहे, त्यात कवी एका वस्तूच्या नावानं दुसऱ्याविषयी बोलतो. साहेबानं तो शब्द मला पुन्हा म्हणायला लावला आणि अक्षरं विचारून आपल्या कागदावर लिहून घेतला. सिदराम माझ्या तोंडाकडे बघत होता. इंग्रजी त्याला कळत नव्हतं. मी त्याच्या बाजूनं बोलतोय असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं मला हात जोडले.

एक वर्ष सक्तमजुरी. त्याला हिंडलग्याच्या तुरुंगात नेलं. निकालात तो संस्कृत शब्द होता. त्याच्या इंग्रजी अक्षरांत एक चूक होती, ती मी दुरुस्त केली. तेवढं माझं काम होतं.

आप्पांनी आदल्या दिवशी व्हरांड्यातली बाई बघितली होती की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवसानंतर आज कुठला दागिना घातलास, असं त्यांनी मला कधीही विचारलं नाही. पेन्शनीत जाईपर्यंत नाही. माझ्या मेजाजवळून जाताना ते थांबायचे, तोंड उघडायचे आणि पुढं जायचे.

तो कागद मी फाडला नाही आणि दिलाही नाही. मोठ्या कोशात ठेवून दिला. कोश रोज उघडावा लागे, कागद रोज दिसे. कधी वाटायचं, मी एका निरपराध माणसाला आत घातलं. कधी वाटायचं, छे, गाणं सरळ सरळ राज्याविरुद्ध होतं, मी फक्त खरं सांगितलं. पण खरं सांगितलं तर मग कागद का लपवला? आणि गाणं राज्याविरुद्ध असेल तर तो माणूस शूर होता आणि मी त्याला पकडून दिलं. दोन्हीकडून मीच उरत होतो.

पुढं आणखी एक घोटाळा झाला. सिदराम सुटून आला तोवर त्या चार ओळी निपाणीपासून बेळगावापर्यंत पोचल्या होत्या. पोलिसांनी ज्या गाण्यावर माणूस धरला त्यात काहीतरी असणार, असं लोकांनी धरलं. माझा तिसरा अर्थ निकालातून बाहेर पडला, वकिलांनी चहाच्या दुकानात सांगितला आणि तो सगळ्यांना पटला. प्रभातफेऱ्यांत ते गाणं म्हणू लागले. बेचाळीस साली तर त्यांनी शेवटची ओळ फिरवलीच. ‘गळ्यात तुझ्या बांधू सायबा, आमच्या हातचा दोर.’ मी माडीवरून ऐकत होतो. खाली रस्त्यातून माझं टिपण जात होतं.

आता राज्य जायची बोलणी चालू आहेत आणि सिदरामची गाणी छापायला निपाणीत मंडळी जमली आहेत. त्यांनी मला पत्र लिहिलं. गाण्यांत कानडी आणि बोलीतले शब्द आहेत, शेवटी शब्दार्थ आणि टिपा हव्यात, तुमच्याइतका जाणता माणूस दुसरा नाही. त्यांना माझी हकिकत ठाऊक नाही. पत्रात शेवटी होतं, की दोराच्या गाण्याच्या चारच ओळी मिळतात, बाकीच्या आता कवीलाही धड आठवत नाहीत आणि गावात कुणाच्याच सलग जुळत नाहीत.

मी कोशातला कागद काढला आणि निपाणीची मोटार धरली.

निपाणीहून पुढं त्या खेड्यात गेलो. सिदरामचं घर देवळामागं होतं. तो अंगणात काथ्या वळत बसला होता. केस पिकलेले, गाल बसलेले. मी कोण ते सांगितलं. त्याला ओळख पटली नाही. कचेरीत एवढी माणसं होती, म्हणाला. आतून त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तांब्या खाली ठेवला.

“तुम्हीच न्हवं कागद घेतल्यालं?”

मी हो म्हणालो आणि खिशातून कागद काढून तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही. नवऱ्याला म्हणाली, “बगा, मी तवा कागद दिला म्हून सांगितलं तर माज्यावरच वराडलासा. वाटंत हरवलास म्हनलासा. पंधरा वर्सं आयकतीया मी.” आणि मग मला, “लई जपून ठिवलासा की ओ.”

मी सगळं सांगितलं. दीड पान, ते शेवटचं वाक्य, खिशातला कागद, अन्योक्ती. अन्योक्ती म्हणजे काय हेही सांगावं लागलं, कारण सिदरामनं विचारलं. अंगणात बसून, ज्याला त्या शब्दानं आत घातलं त्यालाच मी त्या शब्दाची व्याख्या देत होतो. त्यानं नीट ऐकली.

“म्हंजे घागर बोलती पर घागरीचं न्हवं,” तो म्हणाला.

“होय.”

“चांगलं हाय की.” तो काथ्याकडे बघत राहिला. मग त्यानं कागद हातात घेतला आणि लांब धरून वाचला. ‘पाणी दिसतं डोळ्याला’पाशी थांबला. “हे म्याच ल्हिलंतं व्हय? ब्येस हाय.”

मी त्याला जे विचारायला आलो होतो ते विचारलं. लिहिताना तुमच्या मनात काय होतं? विहिरीचा दोर, की फास?

त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला. बायकोही दारात उभी राहिली, तिलाही ऐकायचं होतं.

“खरं सांगू का, रावसाहेब? ल्हिताना हिरीचाच दोर हुता. पोरी रोज रित्या घागरी घेऊन फिराय लागल्यात्या, ते बगून ल्हिलं. पर हिंडलग्यात वरीसभर काथ्या वळाय दिला. रोज दोर वळायचा. वळता वळता मनात यायचं, म्या फासच म्हटलंतं, आन बरं म्हटलंतं. तितं ते बरं वाटायचं. भाईर आलो, लोकांनी हार घातलं. आता हिरीवर गेलो की वाटतं, दोरच मागितलाता. सभंत गेलो की वाटतं, फासच. मलाच कळंना झालंय. तुम्ही तर शिकल्यालं, तुम्हीच सांगा.”

मी म्हणालो, मी सभेत उभा राहून सगळं सांगतो, माझा गुन्हा कबूल करतो.

“आन मग हार काढून घेत्याल माजं,” तो म्हणाला, आणि हसला. दात फारसे नव्हते. “साडंसातीत एवढी एकच गोष्ट मिळालीया. ऱ्हाऊ द्या की.”

“सनई वाजवता का अजून?” मी विचारलं. त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं केले. बोटांची टोकं काथ्यानं जाड झाली होती, कातड्यासारखी. भोकावर बसत नाहीत, म्हणाला. पण दोर मात्र चांगला वळतो. त्या विहिरीला सरकारचा दोर आला तो दोन पावसाळ्यांत कुजला, तेव्हापासून विहिरीवर सिदरामचाच दोर असतो. दर साली नवा. निघताना त्यानं मला विहिरीवर नेलं. एक पोरगी पाणी शेंदत होती. तिनं घागर सोडली, दोर रहाटावरून सरसर गेला, घागरीनं खाली डुबुक केलं. सिदराम तिकडं बघत म्हणाला, “पुस्तकात काय बी ल्ह्या. पर खोटं नगो.”

मी घरी आलो. शब्दार्थ लिहायला घेतले. बाकीचे दोन दिवसांत झाले. ‘दोर’ उरला. त्यापुढं मी दोरखंड लिहिलं आणि खोडलं, कारण त्यानं तुरुंगात वर्षभर जे मनाशी म्हटलं ते खोटं ठरत होतं. फास लिहिलं आणि खोडलं, कारण त्या पोरी रित्या घागरी घेऊन उभ्या होत्या. तिन्ही अर्थ लिहिले तर ते माझंच टिपण झालं. असे माझे आठ दिवस गेले. आप्पा जाऊन आता सहा-सात वर्षं झाली. त्यांनी पहिल्या आठवड्यात जे सांगितलं होतं ते करायला मला इतकी वर्षं लागली.

वर पूर्ण गाणं छापायला दिलं, तिन्ही कडवी. ते इतकी वर्षं कुणापाशी आणि का राहिलं, हे सिदरामसाठी त्या पुस्तकात लिहिलं नाही. इथं नाव बदलून लिहितोय, तरी ओळखणारे ओळखतील. हेही बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही.

परवा निपाणीहून छापखान्याचा कागद आला. शब्दार्थांच्या यादीत एका ओळीवर पेन्सिलीनं खूण केली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘येथे अर्थ द्यायचा राहिला आहे काय? शब्दच दोनदा पडला आहे.’

मी उत्तर लिहिलं, चूक नाही, तसंच राहू द्या.

ती ओळ अशी आहे :

दोर — दोर.